तोंडवलीचं धुराडं

मालवणात पाटी लावून बसलो, त्याच आठवड्यात एक गृहस्थ दारात थांबले. पाटीवर ‘घरांचे नकाशे काढून मिळतील’ असं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “नकाशो हिंदुस्थानचो असता, जिल्ह्याचो असता. घराचो नकाशो कित्याक? घरात कोण वाट चुकता?” आणि ते बाजाराकडे चालू लागले.

त्यांचं काही चुकत नव्हतं. पन्नास-साठच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर घर बांधायचं म्हणजे गवंड्याला बोलवायचं, शेजाऱ्याचं घर दाखवायचं आणि ‘असांच, पण हातभर मोठां’ असं सांगायचं. खळं म्हणजे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर हा क्रम आजोबा-पणजोबांपासून ठरलेला. गवंडी आणि सुतार डोळे मिटून घर उभं करायचे आणि ते उभं राहायचंही. अशा मुलखात कागदावर रेघा मारून पोट भरायला निघालेला मी पहिलाच. लोक मला ‘इंजिनेर’ म्हणायचे. मी इंजिनेर नव्हतो, पण खुलासा करत बसलो असतो तर असलेलं गिऱ्हाईकही गेलं असतं.

हा धंदा मी शिकलो मुंबईत, टोल्बीसाहेब नावाच्या एका इंग्रज आर्किटेक्टच्या कचेरीत. मी तिथे ट्रेसर होतो. साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून तो शाईने गिरवायचा, एवढंच ट्रेसरचं काम. साहेब गोरा होता, पण तोरा नव्हता. इंग्लंडातल्या एका पाथरवटाचा तो मुलगा. बापाबरोबर दगड घडवता घडवता नकाशे वाचायला शिकला आणि पुढे तिकडच्या जमीनदारांची खेड्यातली घरं बांधण्यात त्याने नाव काढलं. घरं कसली, गावंच ती. पाहुण्यांच्या खोल्या वेगळ्या, घोड्यांची जागा वेगळी, आणि चुली इतक्या की छपरावर धुराड्यांचं रान माजलेलं. पहिल्या महायुद्धानंतर त्या जमीनदारांची सद्दी संपली. मुलगे लढाईत गेले, घरांना कुलपं लागली. नवी घरं बांधणार कोण? मग हा बोटीत बसून मुंबईला आला आणि बँका आणि सिनेमागृहं काढू लागला. पोटासाठी ते ठीक होतं, पण जीव त्या खेड्यातल्या घरांतच अडकलेला.

दुपारचा चहा झाला की तो आमच्या टेबलांच्या कडेला टेकायचा आणि बोलत सुटायचा. जागा दाखवायला जमीनदार बग्गी घेऊन आला, तर साहेब म्हणे, बग्गी परत न्या, मी मेंढपाळाच्या खोपटात राहतो. वारा कुठून येतो आणि पाणी कुठे तुंबतं हे कळल्याशिवाय त्याने पेन्सिल उचलली नाही. घराच्या मालकिणीला भेटायच्या आधी तो स्वयंपाकिणीला भेटायचा. एका उमरावाची बायको त्यावरून रुसून बसली. तिला म्हणाला, “बाईसाहेब, तुम्ही जेवणार, ती रांधणार. घर आधी तिला पसंत पडायला हवं.” घर म्हणजे चुलीवर घातलेलं पांघरूण, असं त्याचं म्हणणं होतं. धुराड्यांचा तर त्याला इतका अभिमान की दुसऱ्या कुणाचं धुराडं धूर उलटा घरात टाकतं असं ऐकलं की त्याचा तो दिवस आनंदात जायचा.

स्वातंत्र्य आलं आणि साहेब परत गेला. जाताना रेघा मारायचा स्वतःचा टी-स्क्वेअर मला दिला आणि म्हणाला, “गावी जा. माझं गिऱ्हाईक तुझ्या किनाऱ्यावर आहे, त्यांना ते अजून ठाऊक नाही एवढंच.” तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. काही वर्षं गेली, चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला गावी आलो असताना एकदम उजेड पडला. आमच्याकडचा माणूस मुंबईत किंवा बोटीवर राबतो आणि घर बांधतो गावात. वर्षभर त्या घरात एखादी बाई आणि दिवा. चवथीला आणि मे महिन्यात मात्र पाय ठेवायला जागा नसते. साहेबाचे जमीनदार तरी वेगळं काय करत होते? वर्षभर लंडनात आणि सुट्टीला पाहुण्यांसकट खेड्यातल्या घरी. मी कचेरी सोडली. तिथल्या नव्या मालकांनी दोन वर्षांनंतरच्या दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवायचं कबूल केलं. बायको म्हणाली, “तोपर्यंत एक तरी घर उभं राहू दे. मी ट्रंक उघडत नाही.” आणि खरंच, तिने ती उघडली नाही. रोजचे दोन-चार कपडे तेवढे वर काढले.

अशा वेळी तोंडवलीचे जगन्नाथ तांडेल माझ्याकडे आले. सगळा जन्म बोटीवर गेलेला, सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम. नुकतेच रिटायर झालेले. छाती अशी की दारातून आत येताना ते अंमळ तिरके होत, आणि आवाज असा की दर्या मध्ये आहे असं समजूनच बोलत. त्यांनी माझ्या टेबलावर बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवलं. त्यावर एका विलायती घराचं चित्र होतं.

“इंजिनेर, ह्यां वाचूक येता तुका?”

“दादा, ह्यां चित्र आसा.”

“चित्र न्हय. ह्यां माझां घर.”

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी कप्तानाची ट्रंक पोचवायला ते असल्याच एका घरी गेले होते. “फुडल्या दारार उभो ऱ्हवलंय, तर थंयचो बटलर म्हणता, मागल्या दारान ये. गेलंय. चाय दिल्यान. बरी होती चाय, खोटां कित्याक बोला? पण पियता पियता ठरवलंय, असलां घर बांधीन आणि फुडल्या दारान भुतूर जायन.” इतकी वर्षं ते झाकण त्यांनी पेटीच्या तळाशी जपलं होतं. डबा कधीच गंजून गेला होता.

साहेबाने मेंढपाळाचं खोपटं धरलं, मी तोंडवलीच्या किनाऱ्यावरची जाळी ठेवायची खोप धरली. भर आषाढात तिथे राहून आलो. तिथे पाऊस वरून पडतच नाही, समुद्रावरून आडवा येतो आणि भिंतीला धडका मारतो. परत आलो आणि तांडेलांना स्पष्ट सांगितलं की हे झाकण इथे उभं राहणार नाही. त्या चित्रातल्या छपराला एकात एक घुसलेली शिखरंच शिखरं होती. दोन छपरं जिथे मिळतात तिथे खाच पडते. विलायतेत पाऊस शिंपडतो, त्या खाचेतून तो निवांत वाहून जातो. आमच्याकडे ती खाच म्हणजे घरावरून वाहणारा व्हाळ, ओढाच, आणि व्हाळ शेवटी माजघरात उतरायचा. आपल्याला सरळ, उतरतं, लांब पाख्यांचं छप्परच हवं.

तांडेलांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, म्हणून म्हटलं, “दादा, चित्रातली एकच वस्तू मागा. ती मी देईन.”

त्यांनी झाकण उचलून डोळ्यांपाशी धरलं. मग धुराड्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यां दी. ह्यां लांबसून दिसता.”

साहेबाच्या शिकवणीप्रमाणे त्यांच्या घरी जाऊन मी जानकीवैनींना भेटलो. चुलीसमोर फुंकणी घेऊन बसलेल्या. आमच्याकडच्या स्वयंपाकघरात धुराला वेगळी वाट नसते. तो घरभर फिरतो आणि कंटाळला की कौलांच्या फटींतून जातो. पावसात लाकडं ओली आणि कौलं भिजलेली, म्हणजे धूर मुक्कामालाच. वैनींचे डोळे कायमचे लालभडक, कडा सुजलेल्या. मी विचारलं, “वैनी, तुम्हाला घरात काय हवं?”

त्या आधी हसल्या. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “माका काय कळता, भाऊजी? धूर तेवढो भायर घाला. मगे भिंती नाय घातल्यात तरी चलात.”

नवऱ्याला धुराडं हवं होतं ते मिरवायला, बायकोला हवं होतं डोळ्यांसाठी. माझ्या धंद्यात नवरा-बायकोचं असं एकमत पुन्हा फारसं बघितलं नाही.

धुराड्याचं शास्त्र सोपं आहे, पण हट्टी आहे. गरम धूर वर जायलाच बघतो, आपण त्याला फक्त अडवायचं नाही. चुलीच्या वर गळा अरुंद ठेवायचा म्हणजे धुराला ओढ लागते. तोंड आढ्यापेक्षा उंच न्यायचं म्हणजे छपरावरून उतरणारा वारा त्याला परत खाली ढकलत नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून वर चिऱ्याची एक फरशी, पण चार बुटक्या पायांवर उभी. त्या पायांमधल्या फटींतून धूर चारी दिशांना निघून जातो. शिवाय धुराड्याच्या गरम भिंतीला लागून मी एक माळा काढला, पावसाळ्यात त्यावर लाकडं सुकावीत म्हणून.

काम होतं गोविंद मेस्त्रीकडे. हात सोन्याचा, तोंड मिरचीचं. त्याला धुराडं बिलकूल पटलं नव्हतं. “आकाशाक भोक ठेवन घर बांधूचां? जल्मात नाय बांधलंय असलां,” तो म्हणाला. “आणि वाश्यांका धूर नको? वाळवी खायत ना घर.” यात तथ्य होतं. धुराने लाकूड टिकतं. म्हणून वाशांना काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं ठरलं. पण खरा वाद झाला तो आतल्या गिलाव्यावरून. साहेबाने सांगितलं होतं की विलायतेत धुराड्याला आतून चुन्यात शेण कालवून लिंपतात, म्हणजे उष्णतेने तडे जात नाहीत. गोविंदने थापी खाली ठेवली.

“सायबाच्या घरात शेण?”

“लॉर्डाच्या घरात.”

“गायचां?”

“गायीचंच.”

तो वैनींकडे वळला. त्या ओटीवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, “मगे सायब आपल्यातलोच म्हणा. उगाच भायर घातलो तेका.” त्या दिवसापासून गोविंदने साहेबाविषयी वाकडा शब्द काढला नाही.

कौलं चढली, अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत उरकली. छपरावर धुराडं दिसू लागलं तशी गावाला करमणूक झाली. पलीकडच्या वाडीतून माणसं बघायला यायची. ‘घराक सोंड फुटली’ इथपासून सुरुवात झाली आणि शेवटी घराला ‘आगबोट’ हे नाव पडलं. ‘तांडेलान बोट किनाऱ्याक लायली हा, आता शिटी कदी मारता बगया.’ तांडेल खूश. मला मात्र त्या थट्टेत झोप लागेना. आगबोट बुडाली तर माझी पाटी उतरणार आणि दिवाळीनंतर मी पुन्हा मुंबईत दुसऱ्यांच्या रेघा गिरवत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यात आणखी एक गोष्ट ठरली. तांडेलांच्या भावकीचा गणपती एकच. सगळी घरं मिळून तो मूळ घरात बसवायची, पण माणसं वाढली आणि तिथे मावेनाशी झाली. भावकीतले वडीलधारे नारायणकाका यांनी नवं घर पाहिलं, ओटी काठीने मोजल्यासारखी केली आणि यंदा गणपती इथे बसवायला रुकार दिला. पण सोबत बजावलं, “देव येतलो तो आपल्या पद्धतीन ऱ्हवतलो. तुमच्या ह्या सोंडेन कायव इघन केल्यान, तर फुडल्या वर्सा देव मूळ घरात आणि सोंड जमिनीर.” नारायणकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वैनींनीही हट्ट धरला की नवी चूल पहिल्यांदा पेटेल ती देवाच्या नैवेद्यासाठी, तोवर रांधणं जुन्या घरातच. श्रावणात मी आणि वैनींनी फक्त पेंढा पेटवून बघितला. धूर सुतासारखा वर गेला. वैनी वाकून वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “थंय उजेड दिसता, भाऊजी.” मी निर्धास्त झालो.

चवथीच्या सकाळी मी बायकोला घेऊन तोंडवलीत पोचलो. पाऊस उघडला होता. गणपती डोक्यावरून आला, फळं-पानं बांधलेल्या माटवीखाली विराजमान झाला. ओटी माणसांनी फुलून गेलेली. नारायणकाका पूजेला बसले आणि आत वैनींनी चुलीला काडी लावली.

सुरुवातीला वास आला. मग माजघराच्या दारातून धुराचा लोळ बाहेर आला आणि ओटीवर पसरला. आमच्या जुन्या घरांतला धूर निदान कौलांतून जायचा. या घराची कौलं मी घट्ट बसवून घेतली होती, धुराला धुराडं दिलंय म्हणून. आता त्याला जायला जागाच नव्हती. देव दिसेना. पोरं रडायला लागली. म्हातारी माणसं खोकत खळ्यात उतरली. शेजारच्या वाडीतले लोक आग लागली समजून घागरी घेऊन धावत आले. तांडेल धुरात उभे राहून बोटीवरच्या हिंदुस्थानीत ओरडत होते, “सब आदमी डेकपर! सब आदमी!” आणि गंमत अशी की सगळे आदमी ते ऐकतही होते.

मी स्वयंपाकघरात घुसलो. वैनी एकट्याच चुलीपाशी. लाकडं मागे ओढून त्यावर पाणी शिंपडत होत्या. डोळ्यांतून धारा. “वर जाता आणि परत येता, भाऊजी,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

बाहेर आलो तर नारायणकाका खळ्यात काठी टेकून उभे. “बगलास? देवाक कोंडल्यानी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “उद्या गोयंदाक सांगा, सोंड पाड. आज कौलां सरकया आणि कसोतरी निवेद करूया.” दोघेजण शिडी आणायला निघालेही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला काय आठवलं असेल ते मला कळलं. ट्रंकच.

साहेब म्हणायचा, धूर खोटं बोलत नाही, वाट बंद असली की परत येऊन सांगतो. श्रावणात वाट उघडी होती. मी खळ्याच्या कडेला गेलो, माडाला पाठ लावली आणि धुराड्याच्या टोकाकडे बघितलं. फरशीखालच्या चार पायांमधून आरपार आभाळ दिसायचं. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की डोळे मिटूनही दिसायचं. आज तिथे आभाळ नव्हतं. काहीतरी काळं, गोल बसलं होतं.

“मेस्त्री,” मी हाक मारली. “वर काय ठेवलंस?”

गोविंद मेस्त्री गर्दीतून पुढे आला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. “दिठीचो मडको,” तो म्हणाला. “काल सांजचो ठेवलंय. इतकी माणसां येतली, घर बगून बरां म्हणतली. दीठ लागतली ना घराक?”

नवं घर लोकांच्या नजरेत भरलं की त्याला दृष्ट लागते, म्हणून घराच्या सगळ्यात उंच जागी चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. आणि या घराची सगळ्यात उंच जागा होती धुराड्याचं टोक.

“अरे, पण फरशीच्या खाली?”

“वर ठेवलंय आसतंय तर वाऱ्यान गेलो आसतो. म्हणान चार पायांच्या मदी बसयलंय. घट्ट.” आणि तो किती घट्ट, हे त्याने मूठ आवळून दाखवलं. ज्या माणसाला ते भोक पहिल्या दिवसापासून खुपत होतं, त्याने अखेर मायेपोटी ते बुजवलं होतं. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

“काढ ते मडकं,” मी म्हणालो.

“काडूचो नाय,” नारायणकाकांची काठी आडवी आली. “देव घरात आसताना, चवथीच्या दिवसा, दिठीचो मडको उतरवतास? काय झालां तर कोण जबाबदार? तू इंजिनेर?”

शिडीला निघालेले दोघे जागीच थांबले. तांडेलसुद्धा मागे सरले. दर्याला न भिणारा माणूस, पण दिठीला भिऊन होता. मी तोंड उघडलं असतं तर शिकलेला माणूस रीतभात मोडतो एवढंच झालं असतं.

तेवढ्यात जानकीवैनी माजघरातून ओटीवर आल्या. भावकीतल्या बाईने काकांसमोर उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजून बारीक झालेले.

“काका, माझ्या तोंडाकडे बगा,” त्या म्हणाल्या. “ह्या घराण्यात लगीन होवन इलंय तेव्हापासना चुलीकडे आसंय. माझे डोळे बगा. आणखी खंयची दीठ लागूची ऱ्हवली हा?”

काकांनी बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. काठी हळूच खाली आली. ते ओटीवर चढले आणि विरळ होत चाललेल्या धुरात देवासमोर उभे राहिले. हात जोडले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा गणराया, म्हाराजा,”

“व्हय म्हाराजा,” खळ्यातून सगळ्यांनी साथ दिली.

“तुझ्या लेकरांनी आज तुका नव्या घरात बसयलो हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“जो काय धूर झालो, तो कोणाच्या वायटान झालो नाय, मायेन झालो, म्हाराजा. दिठीचो मडको आमी घरावरसून ह्या माडार नेतंव. माड घरापेक्षा उंच आसा. जी काय दीठ येतली ती पयली माडाक लागांदे. घराक नको, घरातल्या माणसांका नको,” ते क्षणभर थांबले, “आणि चुलीवांगडा बसणाऱ्या लक्ष्मीच्या डोळ्यांका नको, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” या वेळी सगळ्यांत मोठा आवाज तांडेलांचा होता.

गोविंद छपरावर चढला. खाली सगळे माना वर करून उभे. मडकं इतकं घट्ट बसलं होतं की ते सुटेपर्यंत त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या, त्या खाली ऐकू येत होत्या. अखेर ते निघालं. त्याने ते छातीशी धरलं आणि आतून वैनींनी पुन्हा काडी लावली.

आधी एक करडा पुंजका फरशीखालून बाहेर पडला. मग दुसरा. आणि मग जो धूर सुटला तो सरळ, पांढरा, माडांच्या वर चढत गेला. ओटी मोकळी झाली. माजघर मोकळं झालं. माटवीतली कवंडळाची फळं आणि आंब्याचे टाळे पुन्हा दिसू लागले आणि त्यांच्याखाली देव दिसला. नारायणकाका खळ्यात आले, वर बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “इंजिनेर, सुटली रे तुझी आगबोट.” पोरांनी भोंग्यासारखा आवाज काढला आणि सगळं खळं हसलं. मला भरून आलं, हे सांगायला आता लाज कसली?

त्या दिवशी ओटीवर गणपतीची आरती झाली आणि स्वयंपाकघरात धुराड्याची. घागरी घेऊन आलेल्या बाया घागरी विसरल्या. एकेक जण वाकून धुराड्यातून वर बघत होती, माळ्यालगतची गरम भिंत हाताने चाचपत होती. तांडेलांना मुख्य दारात खुर्ची टाकून बसायचं होतं, पण सगळी माणसं मागच्या दाराने स्वयंपाकघरात जात होती. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, मग खुर्ची उचलून तेही तिकडेच गेले. घरी परतल्यावर बायकोने ट्रंक उघडली आणि कपडे खुंट्यांना लावले.

दिवाळीच्या आत माझ्या दारात माणसं आली. बोलायचे नवरे, पण मागे पायरीवर बायका उभ्या असायच्या. “आमका तां विलायती बिलायती नको. चूल तेवढी तांडलिणीसारखी होयी.” पुढे जामसंड्याला एका रिटायर हेडमास्तरांचं घर केलं. त्यांना वाचायला अशी खोली हवी होती की घरातल्या कुणाला ते सापडू नयेत. मी तिचं दार गोठ्यातून काढलं. खारेपाटणच्या एका व्यापाऱ्याला करकरणारा जिना हवा होता, मुलगे रात्री किती वाजता येतात ते कळावं म्हणून. सुताराने मुद्दाम ओलं लाकूड वापरलं. मुलगे शहाणे, ते कठड्यावरून चढायला शिकले. पण त्या दोन्ही घरांची धुराडी मात्र अशी ओढायची की हेडमास्तर म्हणायचे, टोपी सांभाळून बसावं लागतं.

खंत एकच. टोल्बीसाहेबाला यातलं काही कळलं नाही. त्याचा ठावठिकाणाच पुढे लागला नाही. इंग्लंडात त्याची घरं पाडली गेली की उभी आहेत तेही मला माहीत नाही. पण तोंडवलीत त्याचं एक धुराडं चवथीच्या गाऱ्हाण्यात जाऊन बसलंय, हे त्याला सांगायला हवं होतं. आता घरोघरी गॅस आलाय. बरीचशी धुराडी सिमेंटने बुजवलेली दिसतात. नातवंडं विचारतात, आजोबा, हा खांब घराच्या डोक्यावर कशाला? मी चिडतो. मग वैनींची आठवण येते आणि शांत होतो.

त्या चवथीच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा तोंडवलीला जेवायला गेलो होतो. माडावर मडकं होतं, धुराड्यातून धूर होता, देव त्याच ओटीवर होता. स्वयंपाकघराच्या दारात वैनी मोदक वळत बसल्या होत्या. डोळे निवळले होते. ते काळेभोर आहेत हे मला तेव्हाच कळलं. मी सहज म्हटलं, “काय वैनी, धुराची आठवण येत नाही ना?”

त्यांनी हातातला मोदक पूर्ण केला, केळीच्या पानावर ठेवला आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “खरां सांगू, भाऊजी? धूर वायट होतो, पण कामाचो होतो. ह्ये बोटीर गेले की वर्स-वर्स पत्तो नाय. चवथीक सगळे जमतले, हसतले, आणि मी चुलीकडे बसान रडान घेतलंय. कोणी इचारल्यान तर सांगितलंय, धूर गेलो गो डोळ्यात. इतक्या वर्सांत कोणाक कळूक नाय.” त्या थोड्या हसल्या. “तुमी माझी रडाची जागाच काडून घेतलास.”

बाहेर ओटीवर तांडेल आरतीला उभ्या राहिलेल्या पोरांना बोटीवरच्या आवाजात रांगेत उभं करत होते. वैनींनी तिकडे कान दिला आणि पुढची पारी हातात घेतली.

“काडलास तां बरां केलास,” त्या म्हणाल्या. “आता लागणा नाय ती.”